लाल शाई बाजूला ठेवल्यावर: एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणलेखनाचं प्रकरण

गोव्यातली एक अख्खी पिढी घरात कोकणी बोलली आणि वहीत मराठी लिहिली. अंत्रुज महालात, डिचोलीत, पेडण्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटलंच नाही. आईशी भांडण कोकणीत, मामाला पत्र मराठीत. देवळातली आरती मराठीत, आरती संपल्यावरच्या गजाली कोकणीत. ही पिढी आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. आयुष्यभर अर्ज, अहवाल, पत्रं लिहिलेल्या या माणसांना आता स्वतःचं काही लिहावंसं वाटतं, आणि लिहायला बसलं की हातातून निबंध उतरतो. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी ज्येष्ठांचा लेखनगट चालवतो, तिथे हे वारंवार पाहतो. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. त्या बाईंनी तशी परवानगी दिली आहे, मजकूर वाचलाही आहे. गाव आणि नातेवाईक ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

बाई

गटात त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात, तेच इथेही म्हणू. जन्म १९४९चा, बोरीच्या बाजूचा, जुवारी नदीच्या काठचा. वडील मडगावात एका दुकानात हिशेबनीस, घरचं थोडं कुळागर (नारळ-सुपारीची बाग), आईला अक्षरओळख नाही. डिसेंबर १९६१मध्ये गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला, त्या मुक्तीच्या वेळी बाई बारा वर्षांच्या होत्या. तोवरचं शिक्षण देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवाऱ्यात) भरणाऱ्या खासगी मराठी शाळेत झालं. १९६३च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा भराभर निघाल्या, तेवढे शिक्षक तयार नव्हते. अशाच एका एकशिक्षकी शाळेत बाई १९६९ साली लागल्या आणि २००९ साली निवृत्त झाल्या. चाळीस वर्षं पहिली ते चौथी.

२०२३च्या पावसाळ्यात त्या गटात आल्या. यजमान आदल्या वर्षी गेले होते, मुलं बाहेरगावी. आल्या तेव्हा उद्देश स्वच्छ होता: घराण्याचा इतिहास मुलांसाठी लिहून ठेवायचा. स्वतःबद्दल लिहायचं त्यांच्या मनात नव्हतं. "माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, सर?" हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि खरोखर विचारलं, नम्रतेपोटी नव्हे.

गटाची पद्धत थोडक्यात सांगतो. जेम्स बिरेन या अमेरिकन वृद्धत्व-अभ्यासकानं आत्मकथनाची एक रीत घालून दिली आहे: लहान गट, दर वेळी एक विषय, दोन पानं लेखन, आणि ते गटात मोठ्यानं वाचणं. विषय ठरलेले असतात. आयुष्याला फुटलेले फाटे, कुटुंब, पैसा, काम, शरीर आणि आजार वगैरे. आम्ही साधारण तेच करतो. एक नियम मात्र आमचा आहे आणि तो मी कसोशीनं पाळायला लावतो. वाचन झाल्यावर कुणी 'छान' म्हणायचं नाही, चूक काढायची नाही. फक्त प्रश्न विचारायचे. कुठे? कोण होतं? मग?

पहिली वही

बाईंनी पहिल्या महिन्यातच अर्धी वही भरली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, प्रत्येक लेखाला शीर्षक, शीर्षकाखाली रेघ. 'माझे बालपण', 'माझी आई', 'गोवा मुक्ती', 'आमची शाळा'. लिहायचं निळ्या शाईत, आणि लिहून झालं की लाल पेन घेऊन स्वतःचंच लेखन तपासायचं. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, एखादा बोलीतला शब्द चुकून आला असेल तर त्याभोवती गोल आणि वर प्रमाण शब्द. 'गजाली'भोवती गोल, वर 'गप्पा'. 'शीत'भोवती गोल, वर 'भात'.

'माझी आई' या लेखातला हा परिच्छेद, जसाच्या तसा:

"माझी आई अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होती. ती पहाटे उठून घरकाम करत असे. आम्हा भावंडांवर तिने उत्तम संस्कार केले. गरिबी असली तरी आम्ही समाधानाने राहत असू. आईचे ऋण कधीही फिटणार नाही."

आणि 'गोवा मुक्ती'मधला:

"दि. १८ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सैन्याने बोरीचा पूल उडवला. सर्वत्र घबराट पसरली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला व चोहीकडे आनंदीआनंद झाला."

दोन्ही परिच्छेदांत व्याकरणाची एकही चूक नाही. वाचन झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची खूण होती. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ही आई कुणाचीही असू शकली असती. बाई स्वतः बोरीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर राहत होत्या, त्यांनी तो स्फोट ऐकला होता, आणि त्यांच्या लेखात तो पाठ्यपुस्तकातून आला होता.

अशा वेळी बरेच जण सल्ला देतात: मनातलं लिहा, मोकळेपणानं लिहा. या सल्ल्याचा काडीइतका उपयोग होत नाही असं माझं मत आहे. बाई मोकळेपणानंच लिहीत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना सुरुवात व्याख्येनं करायला, मध्ये गुण मांडायला आणि शेवट बोधानं करायला शिकवलं होतं. पेन उचलला की समोर तपासनीस येऊन बसायचा, आणि तो तपासनीस त्या स्वतःच होत्या.

मधल्या काळात एक वेगळंच वळण आलं. बाईंनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पूर्वीच वाचलेलं होतं, ते पुन्हा काढलं. आधार मोठा होता. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, पुस्तकाचा पहिला भाग १९३४चा; म्हणजे साठी ओलांडल्यावरचं पुस्तक, आणि शाळेत न गेलेल्या बाईचं. पण पुढच्या काही आठवड्यांत बाईंच्या वहीत लक्ष्मीबाईंचा मिस्कीलपणा उतरला. गटाला ते आवडलं, लोक हसले. बाई मात्र सावकाश बोलणाऱ्या, शब्द तोलून वापरणाऱ्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाचता वाचता वही मिटली आणि म्हणाल्या, "हे मी नव्हे." एवढं त्यांना कळलं, याला मी फार किंमत देतो. उसना आवाज अंगाला बसत नाही हे स्वतःला ऐकू येणं, ही पहिली पायरी असते.

'असे' आणि 'असू'

पहिल्या वहीत एक गोष्ट पानोपान होती. करत असे, जात असू, म्हणत असत. रीती भूतकाळ. मराठीत आठवणी लिहिताना हा काळ आपोआप येतो, कानाला गोड लागतो, आणि त्यात कुठलाही एक दिवस सापडत नाही. 'आई पहाटे उठत असे' यात हजारो पहाटा आहेत आणि एकही पहाट नाही.

एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, जगाबद्दलची माहिती: बोरीला पूल होता, तो पाडला. दुसरी, स्वतः अनुभवलेला प्रसंग: तेव्हा मी कुठे होते, काय ऐकलं, हातात काय होतं. अनेकदा सांगितलेली, अनेकदा ऐकलेली आठवण हळूहळू पहिल्या कप्प्यात जाऊन बसते. शिक्षकांचं हे जास्तच होतं, कारण मुक्तिदिनाचं भाषण ते दरवर्षी करतात. बाईंच्या बाबतीत १८ डिसेंबर भाषणात गेला होता.

म्हणून मी एक साधं बंधन सुचवलं. एक पान असं लिहायचं की त्यात 'असे', 'असू', 'असत' एकदाही येणार नाही. एकाच दिवसाचं लिहायचं, शक्य असेल तर एकाच तासाचं.

वाचायला सोपं वाटतं. बाईंना ते जमेना. त्या दर गुरुवारी यायच्या, दुसऱ्यांचं ऐकायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि स्वतःची पाळी आली की "अजून झालं नाही" म्हणायच्या. 'असे' काढून घेतल्यावर त्यांच्याकडे वाक्यच उरत नव्हतं. वयस्क लिहिणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकानं हा टप्पा लक्षात ठेवावा. तो अपयशासारखा दिसतो. जुनी घडी मोडलेली असते, नवी बसलेली नसते, आणि याच सुमारास बरेच लोक गट सोडतात. बाईंनी सोडला नाही याचं एक कारण असं की त्या ऐकायला येत होत्या. लिहिलं नाही तर यायचं नाही, असा नियम आमच्याकडे नाही, आणि नसावाच.

समोर कोण बसलंय

मग बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवडे लिहिणं-वाचणं बंद. त्यांची धाकटी बहीण वास्कोला असते; ती रोज दुपारी फोन करायची. मुक्तीच्या वेळी ही बहीण पाच वर्षांची होती, तिला काहीच धड आठवत नाही. बोलता बोलता विषय पुलावर आला. बाई सांगू लागल्या, अर्थातच कोकणीत. भाचीनं ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं.

डोळा बरा झाल्यावर बाईंनी ते ऐकलं, मग मलाही ऐकवलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये 'आनंदीआनंद' कुठेच नव्हता. वाक्यं आखूड होती. वस्तूंची नावं होती. बहीण मध्येच तोडायची, "मागीर तुवें कितें केलें?" आणि बाईंना उत्तर द्यावं लागायचं. आणखी एक लकब होती. बाई पुढे जाता जाता थांबायच्या आणि मागे यायच्या: "राव गो, ताचे आदीं एक सांगूंक जाय." गोष्ट सरळ रेषेत जात नव्हती. प्रत्येक वेळी त्या मागे जाऊन आणायच्या ती गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची असायची.

ते ऐकत बसून बाईंनी मराठीत पान लिहिलं. गटात त्यांनी वाचलं ते असं (आदोळी म्हणजे नारळ खवायची विळी, हुमण म्हणजे खोबऱ्याचं कालवण):

"आई आदोळीवर बसून नारळ खवणत होती. पुलाकडून आवाज आला तशी फळीवरची पितळी ताटं खणखणली. आईने मान वर केली नाही. ती खवणत राहिली. पांढरं संपलं, करवंटीचं काळं खोबऱ्यात उतरू लागलं, तरी खवणत राहिली. मी म्हटलं, आई, पुरे. तेव्हा तिने हातातल्या करवंटीकडे पाहिलं. थांबा, त्याआधी एक सांगायला हवं. बाबा मडगावात होते. रविवारीच गेले होते, दुकानात वर्षअखेरीची मोजदाद होती. पूल गेला म्हणजे बाबा त्या बाजूला राहिले, हे आईला आवाजाबरोबरच कळलं असावं. मला ते कळायला रात्र झाली. आई म्हणाली, 'ते येतले. शीत धांपून दवर.' मी शीत झाकून ठेवलं. त्या दिवशीचं हुमण काळपट होतं. आम्ही ते जेवलो. बाबा आले नाहीत."

या वेळी प्रश्न थांबेनात. बाबा कधी आले? कसे आले? (होडीतून, नंतर.) तोवर आईनं रोज शीत झाकून ठेवलं का? बाईंनी सगळ्यांना उत्तरं दिली आणि घरी जाऊन तीही लिहिली.

काय बदललं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. भावना वाढली असं नाही. पानात भावनेचा एक शब्द नाही. शैली शिकली असंही नाही. बदलला तो समोरचा माणूस. तपासनीस उठला आणि त्याच्या जागी धाकटी बहीण येऊन बसली: जिला आठवत नाही, जिला ऐकायचं आहे, आणि जी "तशें न्हय गो तें" म्हणून अडवूही शकते. माझं या प्रकरणातलं मुख्य निरीक्षण हेच आहे. लिहिणाऱ्याचा आवाज त्याच्या पोटात दडलेला असतो आणि तो खणून काढायचा असतो, असं आपण बोलतो. मला तो नेहमी दोन माणसांच्या मध्ये सापडला आहे. कुणाला सांगतो आहोत ते पक्कं ठरलं की वाक्याची लांबी, क्रम, कुठे थांबायचं, काय गाळायचं, हे सगळं त्याच्या मागून येतं.

'थांबा, त्याआधी एक सांगायला हवं' हे वाक्य बाईंनी नंतर प्रत्येक लेखात ठेवलं. त्यांच्यातल्या शिक्षिकेनं ते आधी खोडलं होतं, कारण निबंधात क्रम चुकलेला चालत नाही. गटातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "ते वाक्य कुठे गेलं?" आणि बाईंनी ते परत लिहिलं. आज त्यांचं पान नाव न सांगता वाचलं तरी गटात कुणीही ओळखेल ते याच वाक्यामुळे.

भाषेचा प्रश्न मग आपोआप आला. बाईंनीच विचारला: बोलताना हे इतकं सहज आलं, तर मी कोकणीतच का लिहू नये? गोव्यात हा प्रश्न नुसता लेखनाचा राहत नाही. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याआधीची दोन वर्षं कोकणी की मराठी या वादात घराघरांत काय चाललं होतं हे त्या पिढीला ठाऊक आहे. गटात दोन्ही बाजूंची माणसं आहेत. मी मत दिलं नाही, ते द्यायची जागा नव्हती. बाईंनी दोन पानं कोकणीत लिहून पाहिली आणि ठरवलं: निवेदन मराठीत, कारण "वाचले ते मराठीत, हात मराठीत चालतो", पण आई जे बोलली ते जसं बोलली तसंच. अक्षरओळख नसलेल्या आईच्या तोंडी प्रमाण मराठी घालायची नाही. लाल पेन त्यांनी तेव्हापासून बाजूला ठेवला. 'शीत' आता शीतच राहतं.

म्हजें मत म्हजें

या घडामोडीनंतर बाईंनी जे लिहिलं त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जनमत कौलाचा लेख. १६ जानेवारी १९६७, सोमवार. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर मतदान. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारनं आदल्या डिसेंबरात राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पहिल्या वहीत बाईंनी हे सगळं लिहिलं होतं आणि पुढे जोडलं होतं: 'जनतेने ऐतिहासिक कौल दिला.'

दुसऱ्या लेखनात घर आलं. बाबा फुलाचे, कट्टर. आईचा भाऊ, मडगावचा मामा, दोन पानांचा, तितकाच कट्टर. बाई सतरा वर्षांच्या, मतदानाचं वय तेव्हा एकवीस, म्हणून त्यांना मत नव्हतं. आईला होतं. बाबांनी गृहीत धरलं होतं की आईचं मत फुलाला. मामानंही गृहीत धरलं होतं की बहीण आपल्या बाजूची. आई सकाळी नऊवारी नेसून गेली, रांगेत उभी राहिली, मत देऊन आली आणि चुलीपुढे बसली. बाईंनी विहिरीवर तिला एकटीला गाठून विचारलं. आई म्हणाली, "म्हजें मत म्हजें."

पुढे कित्येक वर्षांनी, आईच्या शेवटच्या दुखण्यात, बाईंनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच, शब्दही तेच.

लेखाच्या पहिल्या खर्ड्यात बाईंनी शेवट केला होता: 'आईने नक्कीच फुलाला मत दिले असणार, कारण ती बाबांच्या शब्दाबाहेर नव्हती.' वाचून झाल्यावर गटातल्या दुसऱ्या एकीनं विचारलं, "हें तिणें सांगिल्लें?" एवढाच प्रश्न. बाईंनी ते वाक्य काढलं. आता लेख आईच्या उत्तराशी थांबतो. पूर्वीच्या बाईंना हे जमलं नसतं असं मला वाटतं. निबंधाला निष्कर्ष लागतो. इथे त्यांनी आईला तिचं मत तिच्यापाशी ठेवू दिलं, आणि त्याच लेखातून मला पहिल्यांदा ती आई दिसली. 'कष्टाळू व प्रेमळ' या दोन शब्दांच्या मागे ती इतके दिवस झाकलेली होती.

मामाचं जेवण

त्याच वर्षी मे महिन्यात बाईंच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं. बाईंची आठवण अशी: कौल हरल्याचा राग बाबांच्या डोक्यातून गेला नव्हता. मामा आला, बाबा त्याच्याशी बोलले नाहीत, पंगतीला कुणी त्याला हाक मारली नाही, आणि मामा न जेवता परत गेला. बाईंनी हे लिहिलं आणि लेख नात्यात फिरला. मामाच्या घरून नाराजीचा निरोप आला: घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?

आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे ही वेळ येते. लेख मागे घ्यावा की ठेवावा, यावर गटात बराच वेळ बोलणं झालं. माझं मत असं की लेख मागे घेण्याआधी तो ज्याच्याबद्दल आहे त्याच्या घरी मोठ्यानं वाचावा. मामा हयात नाही. बाईंनी मामेभावाला फोन लावला आणि पूर्ण लेख वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला की त्याला आठवतं ते वेगळंच आहे. तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, बापाबरोबर आला होता. मामा पंगतीला बसला नाही हे खरं. पण आत्यानं, म्हणजे बाईंच्या आईनं, दोघांना मागच्या पडवीत पाट मांडले, केळीची पानं घातली आणि स्वतः वाढलं. खतखतं होतं, मुगागाठी होत्या, आणि आत्यानं मामाच्या पानावर तूप दोनदा घातलं.

बाईंना हे ठाऊकच नव्हतं. मामा उपाशी गेला, ही टोचणी त्या इतकी वर्षं बाळगून होत्या.

कुणाची आठवण खरी? ठरवायला साधन नाही. नऊ वर्षांच्या मुलाची आठवण पक्की असते असं नाही, अठरा वर्षांच्या मुलीचीही नसते. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती थोडी नव्यानं जुळवतो. बाईंनी लेख मागे घेतला नाही आणि दुरुस्तही केला नाही. आपली आठवण तशीच ठेवून खाली लिहिलं: 'थांबा. मामेभावाला आठवतं ते असं.' आणि पडवीचा प्रसंग त्याच्या शब्दांत दिला. त्यानंतर त्या घरून तक्रार आली नाही.

जे लिहिलं नाही

बाईंच्या लेखनात दोन मोठ्या रिकाम्या जागा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या कारणांच्या आहेत.

एक, नोकरीची चाळीस वर्षं. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. पहिल्या गोष्टी, बदलाच्या गोष्टी ठळक राहतात आणि एकसारखी वर्षं एकमेकांत मिसळतात. त्यामुळे शाळेवर लिहायला बसलं की बाईंचा रीती भूतकाळ परत येतो. यावर 'एक मूल, एक दिवस' हा उपाय आम्ही सध्या करून पाहतो आहोत. अर्धवट जमतो आहे.

दुसरी रिकामी जागा त्यांच्या संसाराची. 'शरीर आणि आजार' हा विषय आला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "यजमानांविषयी मी लिहिणार नाही." गटात कुणी विचारलं नाही, मीही नाही. दुखऱ्या अनुभवांवर लिहिण्यानं बरं वाटतं हे जेम्स पेनेबेकर यांच्या १९८०च्या दशकापासूनच्या प्रयोगांमुळे सर्वांना माहीत झालं आहे. लिहिल्यावर लगेचच्या काळात त्रास वाढूही शकतो, हे त्याच कामातून दिसलेलं मात्र फारसं सांगितलं जात नाही. आणि संशोधन बाजूला ठेवलं तरी, काय सांगायचं नाही हे ठरवणं हाही लिहिणाऱ्याचाच अधिकार आहे. बाईंच्या आईनं तो वापरला होता.

सध्या

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाईंनी लेखांच्या झेरॉक्स काढून फोंड्यातून स्पायरल बाइंडिंग करून आणलं आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली) जमलेल्या नातेवाइकांना वाटलं. छापील पुस्तकाचा विचार मुलांनी सुचवला. बाईंनी नको म्हटलं, अजून शाळेचं व्हायचं आहे. मुलांसाठी घराण्याचा इतिहास लिहायचा बेत मात्र मागे पडला आहे. त्याची सनावळी धाकटी बहीण करते आहे.

गटात आता नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी बाई त्यांच्याशेजारी बसतात. वही बघत नाहीत. घरी कुणाशी सगळ्यात जास्त बोलता, एवढं विचारतात.

मामेभावानं लग्नाच्या दिवसाचं स्वतःचं पान लिहून पाठवलं आहे, कोकणीत. त्यात तुपाच्या वाटीचं वर्णन आहे आणि बाबांबद्दल चार कडक वाक्यं आहेत. बाईंना ती वाक्यं पटलेली नाहीत. पुढच्या बाइंडिंगमध्ये ते पान आपल्या लेखाच्या लगेच पुढे, एक शब्दही न बदलता घालायचं, असं त्यांनी त्याला कळवलं आहे.